जवसाच्या तेलाखालची माय

संग्रहालयात नोकरी लागली तोवर मी एकही संग्रहालय पाहिलेलं नव्हतं. शाळा आर्वीला झाली. पुढे वर्ध्याला वसतिगृहात राहून मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. बाबा आर्वीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या हंगामात ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवरसुद्धा रुई चिकटलेली असायची. कॉलेजातल्या आमच्या सरांनी एक दिवस वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, अर्ज करून टाक, त्यांना रसायन शिकलेलं माणूस हवं आहे. ते कात्रण त्यांनी दिलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मुलाखतीत संग्रहालयाच्या साहेबांनी विचारलं, चांदीची वस्तू काळी पडली तर काय कराल? पुस्तकातलं उत्तर मला येत होतं, पण घाबरल्यामुळे तोंडून आईचं उत्तर निघून गेलं. राखेनं घासीन, मी म्हणाले. साहेब हसले.

"सगळ्यात आधी तेच विसरायचं," ते म्हणाले. "इथं घासायचं काहीच नाही."

आणि त्यांनी मला घेतलं.

संग्रहालय लहान होतं, अनुदानावर चालणारं. मागच्या बाजूला एक खोली होती, तिला सगळे प्रयोगशाळा म्हणत. एक दगडी मोरी, दोन टेबलं, औषधांचं कपाट आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. त्या खोलीत साहेबांनी मला जे शिकवलं त्यावर मी पुढचं सगळं आयुष्य जगले. मूर्ती कशी धरायची, म्हणजे हाताला धरून उचलायची नाही, तळाला आधार द्यायचा. कागदाला पाणी का लागू द्यायचं नाही. लाकडातला किडा जिवंत आहे की मेलेला, हे खाली पडलेल्या भुशावरून कसं ओळखायचं. आणि चित्रावरची धूळ-काजळी कशी काढायची. बांबूच्या काडीला टोकाशी कापूस गुंडाळायचा, तो तोंडात ओला करायचा आणि चित्रावर अगदी हलक्या हाताने फिरवायचा. आधी मला वाटलं साहेब थट्टा करत आहेत. पण ते खरं होतं. लाळ अंगाइतकीच कोमट असते, चिकट काजळी सोडवते आणि रंगाला सहसा इजा करत नाही. जगभर चित्रं अशीच पुसतात, असं साहेब म्हणाले.

सुट्टीत आर्वीला गेल्यावर मी हे मोठ्या कौतुकाने बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बिडी हातात तशीच धरून बसले.

"म्हंजे सरकार तुले थुकाचा पगार देते," ते म्हणाले.

नंतर जिनिंगमध्ये त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. पण सांगताना शेवटी आपली पोरगी तिथं साहेब आहे, असंही जोडायचे. मी साहेब नव्हते. सहायक होते. आईने मला विचारलं तेव्हा मीही ते दुरुस्त केलं नाही, त्यांना तेवढा आनंद असू दे म्हटलं.

त्या आजी संग्रहालयात आल्या तेव्हा मला नोकरीत बरीच वर्षं झाली होती. लग्न झालं होतं, मालक वर्ध्याच्याच एका शाळेत शिक्षक होते. हिवाळ्यातली सकाळ होती. व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारी बसली होती आणि तिच्या मांडीवर जुन्या लुगड्यात बांधलेली एक फळी होती. केळझरच्या पलीकडच्या एका खेड्यातून ती एस.टी.ने आली होती. गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की वर्ध्याला जुन्या वस्तू नीट करून देतात.

लुगडं सोडल्यावर आत सागवानी फळी निघाली. दोन हात लांब असेल. तव्यासारखी काळी. खालच्या कडेला लाल रंगाची वेलबुट्टी जेमतेम कळत होती, बाकी काही नाही.

"हे माही माय हाय," आजी म्हणाल्या.

त्यांचे वडील बैलगाड्या रंगवायचे. दमण्या, रेंग्या, ज्यातून लग्नाची वऱ्हाडं जात, त्यांच्या फळ्यांवर ते मोर, वेली, हत्ती काढत. हात चांगला होता. लग्न झाल्यावर त्यांनी गाडीच्याच उरलेल्या फळीवर आपल्या बायकोचं चित्र काढलं. ती बायको पुढे लवकर गेली. आजी तेव्हा रांगत होत्या. आईचा दुसरा कुठला फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. वडील फळीकडे बोट दाखवून म्हणत, तुही माय अठी हाय. लहानपणी चित्रात नथ दिसायची, डोळे दिसायचे, हे आजींना आठवत होतं. मग हळूहळू दिसेनासं झालं. आजींना वाटलं आपलीच नजर गेली. शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. पट्टी सुटल्यावर सून दिसली, अंगणातली बैलं दिसली, माय दिसली नाही. तेव्हा कळलं की दोष डोळ्यांत नाही.

मी साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी फळी खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात पाहिली, मागून पाहिली, वास घेतला. गाडी रंगवणाऱ्याच्या हातचं माणसाचं चित्र त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे चमकले. पण नियम असा होता की प्रयोगशाळेत खाजगी वस्तूला हात लावायचा नाही. औषधं, माणसं, वेळ, सगळं सार्वजनिक. साहेबांनी हे आजींना फार सौम्यपणे समजावलं. मग म्हणाले, तुम्ही ही फळी संग्रहालयाला दान दिली, तर तिच्यावर काम करता येईल, नीट जपून ठेवता येईल, लोक पाहतील.

आजींनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मायले दान देते का कोनी?"

आजींनी लुगड्याची गाठ पुन्हा बांधली, सावकाश, चारही बाजूंनी. मी त्यांना पाणी दिलं आणि एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गेले. फळी मी उचलली होती. बस आल्यावर फळी आपल्या हातात घेताना त्या एवढंच म्हणाल्या, की साहेब वाईट माणूस नाही, पण त्याला पाहिजे ते वेगळं आहे आणि मला पाहिजे ते वेगळं.

या एका गोष्टीमुळे मी नोकरी सोडली असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. त्याआधीही लोक येत. कुणाच्या देवघरातला पट, कुणाच्या आजोबांचा कसर लागलेला फोटो, कुणाच्या लाकडी गणपतीला वाळवी. आम्ही त्या सगळ्यांना तेच सांगायचो आणि ते वस्तू पुन्हा पिशवीत घालून जायचे. पण त्या दिवसानंतर मला खोलीतल्या टेबलावर काम करताना वारंवार असं वाटायचं, की ज्यांच्यासाठी ही विद्या आहे ते बाहेर व्हरांड्यात बसले आहेत. आणखी एक-दोन वर्षं मी तशीच काढली. मग एक दिवस मालकांना म्हटलं, लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या चित्रांची, वस्तूंची निगा राखायचं काम स्वतःच सुरू करावं असं मनात आहे. ते वह्या तपासत होते. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाले, "माझा पगार चालू आहे. घरात चूल पेटत राहील. करून पाहा."

बाबांना सांगणं कठीण होतं. मी त्यासाठी मुद्दाम आर्वीला गेले. ते अंगणात बसले होते, आई भाकरी करत होती.

"सरकारी नोकरी कोनी सोडते का?" बाबा म्हणाले. "शिकलेले पोट्टे रांगा लावून राह्यले."

"सोडतेय बाबा. महिनाअखेरीस सुटेन."

"मंग आता करशीन काय?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे लोकायच्या घरी जाऊन फोटो पुसशीन."

"हो."

"यासाठी शिकवलं का तुले?"

मी म्हटलं, यासाठीच शिकले असं मला वाटतं. आई भाकरी थापत राहिली. जेवताना बाबा माझ्या ताटाकडे पाहत होते. सकाळी मी निघाले तेव्हा मात्र ते माझ्या आधी दाराशी उभे होते. डेपोपर्यंत बरोबर आले. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून त्यांनी एक पुडकं आत दिलं. सरकी काढलेली, साफ, लांब धाग्याची रुई होती. जिनिंगमधून चांगली निवडून आणलेली.

"काड्याले लागन नं," ते म्हणाले आणि बस सुटायच्या आधीच वळून चालायला लागले.

साहेबांनी माझा राजीनामा वाचला, घडी केली आणि म्हणाले, "तो नियम मी केलेला नाही."

"मला माहीत आहे, साहेब."

"अडलं तर निरोप पाठवत जा. रविवारी मी मोकळाच असतो."

पिपरी मेघेला आम्ही एक खोली घेतली. तिथे तेव्हा घरं थोडी होती, मधे मधे वावरं. पाटी लावली, जुन्या चित्रांची व वस्तूंची निगा. पहिल्या महिन्यात एक माणूस छत्री घेऊन आला, एक बाई स्टोव्ह घेऊन, आणि शेजारच्या मास्तरांनी सायकलही दाखवून पाहिली. छत्री मी दुरुस्त करून दिली. साधा टाका घालायचा होता.

हळूहळू कामं येऊ लागली. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांच्या वडिलांची जुनी तसबीर होती, तिच्या काचेच्या आतून बुरशी चढली होती. एका देवळातला लाकडी मखर पोखरला होता. मग एकाच्या ओळखीने दुसरा. संग्रहालयात वस्तू घरातून निघून आमच्याकडे आलेली असायची, तिचं घर आम्ही कधी पाहिलेलंच नसायचं. आता मी घर आधी पाहायला शिकले. कुठल्या भिंतीला ओल येते, चूल कुठे आहे, दुपारचं ऊन कुठे पडतं, फोटोमागे पाल कुठे अंडी घालते. पुष्कळदा तसबीर एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर लावणं आणि मागे बुचाचे चार तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवणं, एवढ्यानेच निम्मं काम व्हायचं. वर्षातून दोनदा मी प्रत्येक घरी फेरी मारायचे, पावसाळ्याआधी आणि नंतर. लोक माझ्यासाठी चहा टाकून ठेवायचे. सरकारी खुर्चीवर असताना मला असं वाट पाहणारं कुणी भेटलं नव्हतं.

थोडा जम बसला तशी मी केळझरला उतरून, पुढे विचारत विचारत, त्या आजींच्या गावी गेले. त्या अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"आली का व. दान मागाले?"

"नाही आजी. नोकरी सोडली मी. आता कुणाला काही द्यावं लागत नाही. वस्तू तुमच्याच घरी राहील, काम मी इथे येऊन करीन."

त्यांनी सूप खाली ठेवलं. सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मग आत नेलं.

फळी चुलीच्या शेजारच्या भिंतीवर होती. मी चिमटीने कडेचा एक कण काढून पाहिला. वर धुराचा थर होता, पण खाली काहीतरी जाड, पिवळट तपकिरी, नखाने न निघणारं. आजी तुम्ही याला काही लावता का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, लावते ना, दरसाल. त्यांच्या वडिलांची रीत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, गाडीच्या लाकडाला जवसाचं तेल पाजायचं, आणि त्याच हाताने या फळीलाही. लाकूड तेल पितं, रंगही तेलातच कालवलेला असतो, म्हणून तोही तेल पितो, असं ते म्हणायचे. ते गेल्यावर आजींनी फळीबरोबर ती रीतही सासरी आणली. पुढे पुढे चित्र काळं पडतंय असं दिसल्यावर त्यांनी दिवाळीलाही तेल लावायला सुरुवात केली. सणासुदीलाही. जितकी काळी झाली तितकं जास्त.

जवसाचं तेल हवेत सुकलं की त्याची कातडी बनते आणि ती वर्षानुवर्षं गडद होत जाते. मला हे सांगावंच लागलं, नाहीतर तेल लावणं थांबलं नसतं. आजी खाटेवर बसल्या.

"म्हंजे मीच झाकलं का तिले."

मी म्हटलं, आजी, तेल होतं म्हणून एवढ्या वर्षांत फळी तडकली नाही, वाळवी लागली नाही. शेजारचा दरवाजा पाहा, किती पोखरलाय. हे मी समजूत घालायला बोलले नाही, ते खरंच होतं. त्यांनी दरवाजाकडे पाहिलं. पटलं की नाही कळलं नाही.

काम करायचं ठरलं. फळी माझ्या खोलीवर न्यायची नाही, मायला परक्याच्या घरी मुक्कामाला ठेवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून मीच जायचे. सकाळच्या बसने उतरायचं, ओसरीवर पाट टाकून उजेडात बसायचं, दुपारच्या बसने परत. पहिल्या दिवशी मी रुईचं पुडकं सोडलं, काडीला कापूस गुंडाळला आणि आधी वरचा धूर काढावा लागेल, तो थुंकीने काढायचा असतो, असं सांगितलं.

सुनेच्या हातातली बादली तशीच राहिली. आजींचा चेहरा एकदम बदलला.

"माह्या मायले उष्टा थुका लावतं? देवाच्या जागी हाय ते."

मी साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगून पाहिलं. त्या ऐकून घेईनात. साबणाच्या पाण्याने रंग सुटेल हेही सांगितलं. माझ्याकडे दुसरा इतका सुरक्षित उपाय नव्हता. शेवटी मी काड्या पिशवीत भरायला लागले. आजी पदर तोंडाशी धरून फळीकडे पाहत बसल्या होत्या.

"कोनाचाही चालते का?" त्यांनी अचानक विचारलं.

"काय?"

"थुका."

"हो. तोंड स्वच्छ पाहिजे फक्त."

"मंग माहा घे. मायनं लेकराचं तोंड पदराले थुका लावूनच पुसलं असते. लेकीचा थुका मायले चालते."

संग्रहालयात असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, पण त्यात रसायनाच्या दृष्टीने काहीच चूक नव्हती. अडचण एकच होती. आजी तंबाखू खात. तंबाखूचा थुका चालणार नाही म्हटल्यावर त्या माझ्यावर रागावल्या, की एवढं आधी का नाही सांगितलं. कमरेची चंची काढून त्यांनी सुनेच्या हातात दिली.

त्यानंतर मी ज्या ज्या दिवशी जाई त्या दिवशी त्या आधीच आंघोळ करून, कडुलिंबाच्या काडीने दात घासून, चुळा भरून तयार असत. माझ्याशेजारी पाटावर बसत. मी काडीला कापूस गुंडाळून त्यांच्याकडे देई, त्या तो ओला करून माझ्या हातात देत आणि माझा हात फळीवर फिरू लागला की श्वास धरून पाहत. कापूस काळा झाला की काडी टाकायची, दुसरी घ्यायची. बोलायला मनाई नव्हती, पण तोंड कोरडं पडतं म्हणून त्या फार बोलत नसत. सून येता-जाता टोमणे मारायची. एकदा म्हणाली, "बाई, तुमी अशाच येत राहा. बुढीची तंबाखूबी सुटली अन् बोलनंबी."

"चंची कोठी लपवली हाय ते मले मालूम हाय," आजी म्हणाल्या आणि पुन्हा तोंड मिटलं.

धूर निघाला. खाली तेलाची कातडी उरली, सुरकुतलेली, निस्तेज. तिच्याखाली काहीतरी आहे एवढं आता कळत होतं, पण चेहरा नव्हता. मी कडेच्या वेलबुट्टीवर अगदी मोहरीएवढ्या जागेत तेलाची कातडी विरघळवणारं औषध लावून पाहिलं. कातडी मऊ झाली. मी कापूस फिरवला आणि त्यावर आधी तपकिरी आलं, मग लाल. वेलीचा रंग निघून येत होता. मी तिथेच थांबले. रंग जवसाच्या तेलातच कालवलेला, वरची कातडीही जवसाच्याच तेलाची. वरचं तेल कुठलं आणि आतलं कुठलं, हे औषधाला कळत नाही. त्यात चेहऱ्याचा रंग आणखी पातळ असणार. त्याला लागणारा पांढरा सफेदा महाग, गाड्या रंगवणारा माणूस तो जपूनच वापरणार.

त्या दिवशी बसमध्ये मला फार उदास वाटलं. आजी रोज विचारत होत्या, कवा दिसन. आणि दिसण्याचा रस्ता तिथे संपत होता.

मी साहेबांना निरोप पाठवला. रविवारी ते आले. केळझरपासून पुढे माझ्याबरोबर चालत आले, ओसरीवर बसले, चष्मा कपाळावर चढवून भिंगातून फळी इंच इंच पाहिली. आजींनी त्यांना ओळखलं होतं, पण त्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही. साहेबांनी ताट भरून जेवण केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही थांबलात ते बरोबर केलंत. औषध लावू नका. पण ठरवायचं आहे त्यांना, तर त्यांना एकदा दाखवा तरी. टर्पेंटाइनने ओली करा.

माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. निस्तेज झालेल्या थरावर असा द्रव फिरवला की थर ओला असेपर्यंत पारदर्शक होतो, नदीतला दगड पाण्यात असताना रंगीत दिसतो तसा. द्रव उडून गेला की पुन्हा होतं तसं. रंगाला काही होत नाही.

मी आजींना आधीच सांगितलं, की ती दिसेल, पण थोडाच वेळ, मग परत जाईल.

"किती येळ?"

"नीट पाहून होईल एवढा."

फळी अंगणात खाटेवर उन्हात टेकवून ठेवली. सुनेने हात पुसले आणि येऊन मागे उभी राहिली. मी रुंद कुंचला बुडवला आणि वरून खाली एकच हात फिरवला.

आधी लुगड्याचा काठ आला. मग हात, मांडीवर एकावर एक ठेवलेले, त्यात हिरव्या बांगड्या. मग हनुवटीवरचं गोंदण, नथ, आणि डोळे. डोळे थेट समोर पाहत होते, कारण चित्र काढणारा समोर बसलेला होता. वरचा ओठ किंचित पुढे आलेला, दात लपवायचा प्रयत्न केल्यासारखा मिटलेला. तसाच ओठ माझ्याशेजारी बसलेल्या म्हातारीचा होता. चित्रातली सतरा-अठरा वर्षांची असेल. तिला हसू येत होतं आणि ती ते दाबत होती.

आजी खाटेच्या अगदी जवळ गेल्या. हात पुढे केला, पण लावला नाही.

"पोट्टी हाय व ही," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, "पाह्य. आपल्या नातीएवढी हाय."

सून डोळ्यांना पदर लावून उभी होती. साहेब दुसरीकडे पाहत होते. उन्हात टर्पेंटाइन लवकर उडतं. कडा आधी मंद झाल्या, मग बांगड्या गेल्या, शेवटी डोळे. आजींनी आणखी एकदा कर म्हटलं. मी केलं. दुसऱ्यांदा त्या नुसत्या पाहत राहिल्या. तिसऱ्यांदा कुंचला बुडवला तेव्हा त्यांनीच माझा हात धरला.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कडक औषध लावलं तर कदाचित ती अशीच कायमची दिसेल. कदाचित कापसावर निघून येईल आणि फळी कोरी राहील. नाही लावलं तर वरची तेलाची कातडी तशीच राहील. मी फक्त तिच्यावरचे ओघळ, गाठी हलक्या हाताने काढीन आणि पातळ वॉर्निशचा एक हात देईन, म्हणजे आत्ता जेवढी दिसली त्याच्या अर्धीमुर्धी दिसत राहील, तीही चांगला उजेड असला तर. संग्रहालयात असते तर हा निर्णय कुणीतरी टिपण लिहून घेतला असता. इथे ठरवायचं आजींना होतं. मी काही सुचवलं नाही.

त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"नको लावू दवाई. एवढीशी हाय, अन् मी तिले तेलात बुडवून राह्यली इतके दिवस. आता आनखी घासू नको. जेवढी येते तेवढी येऊ दे."

पुढच्या काही खेपांत मी तेवढंच केलं. कोरड्या, बोथट पात्याने ओघळ खरवडले, नाकाजवळची एक जाड गाठ सोडवली, शेवटी वॉर्निश दिलं. फळी चुलीपाशी परत लावायची नाही असं सांगितल्यावर आजी घरभर फिरून जागा शोधू लागल्या. शेवटी अंगणाच्या दारासमोरची आतली भिंत ठरली. मी बुचाचे तुकडे लावले, त्यांच्या मुलाने खिळे ठोकले. माझी फी काय म्हणून विचारल्यावर मी सांगितली, त्यांनी दिली, आणि वर तुरीची पायली पिशवीत ओतली. साहेबांसाठी वेगळी पुडी बांधली.

पावसाळ्यानंतरच्या फेरीत मी पुन्हा गेले. सकाळची वेळ होती. दार सताड उघडं होतं, ऊन थेट भिंतीपर्यंत पोचलं होतं आणि त्या उजेडात तपकिरी कातडीखालून ती पोरगी बाहेर पाहत होती. आजी समोर जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या. सुनेने मला पाहताच तक्रार सुरू केली.

"सांगा नं बाई हिले जरा. दिवसभर दार लावू देत नाई. साऱ्या कोंबड्या घरात येऊन राह्यल्या."

"येऊ दे," आजी म्हणाल्या. "हाकल अन् दार उघडंच ठेवजो."